तिकीटवाल्या काकू आणि होनोलुलू

"उजवीकडची खिडकी देते तुम्हाला. फ्रँकफर्ट सोडलं की थोड्याच वेळात आल्प्स दिसतील. झोपू नका."

फोनचा रिसीव्हर मान आणि खांद्याच्या बेचक्यात धरून, एका हाताने की-बोर्ड बडवत आणि दुसऱ्या हाताने दारात आलेल्या माणसाला "बसा" अशी खूण करत काकू हे वाक्य दिवसातून कितीदा तरी म्हणायच्या. तिकिटं तेव्हा हाताने लिहायची असत. पानांच्या मागे लाल कार्बन असे, त्यामुळे काकूंच्या उजव्या हाताची बोटं कायम हळदीकुंकवाहून आल्यासारखी दिसत.

डेट्रॉइटजवळच्या नोव्हाय गावात हमरस्त्याच्या कडेला दुकानांची एक बैठी रांग होती. एका बाजूला लाँड्री, दुसऱ्या बाजूला डोनटचं दुकान, आणि मधल्या चिंचोळ्या गाळ्यात काकूंची ट्रॅव्हल एजन्सी. डेट्रॉइटच्या आसपासच्या मराठी माणसांपैकी त्यांच्याकडून तिकीट न घेता भारतात गेलेला माणूस विरळाच. तुम्ही ऐंशीच्या दशकात अमेरिकेत राहिला असाल, तर तुमच्याही गावात अशी एखादी बाई असणार. तिला आपल्या सासूबाईंचे गुडघे, भावाच्या लग्नाची तारीख आणि मुलाला विमानात उलटी होते की नाही, सगळं पाठ असतं.

मी लग्न होऊन नागपूरहून आले, तेव्हा माझा नवरा मोटारींच्या कंपनीत इंजिनियर होता आणि मी दिवसभर घरात बसून बर्फ बघत होते. मंडळाच्या गणपतीत काकूंनी मला विचारलं, "टायपिंग येतं का?"

"येतं थोडंफार."

"मग सोमवारपासून ये. बर्फ आमच्याकडूनही दिसतं."

अशी मी काकूंकडे कामाला लागले.

त्यांचं ज्ञान अफाट होतं. कुठल्या विमानतळावर शाकाहारी माणसाला काय मिळेल, कुठल्या ओळीतल्या खुर्च्या मागे कलत नाहीत, लंडनला विमान बदलताना किती चालावं लागतं, सगळं तोंडावर. हवाईची तर खास आवड. हनिमूनला किंवा लग्नाच्या वाढदिवसाला कुणी तिकडे निघालं की काकू त्यांना लुआऊला जायला लावायच्याच. लुआऊ म्हणजे तिथली पंगत आणि पाठोपाठ नाचगाणं. "समुद्राच्या काठावर असतं," त्या सांगायच्या. "खड्ड्यात भाजलेलं अख्खं डुक्कर वर काढतात. तेवढा वेळ समुद्राकडे तोंड करून उभं राहायचं. बाकी सगळं बघण्यासारखं." ऐकणाऱ्याला वाटे, या बाई दर वर्षी तिथे जाऊन येतात.

मलाही तसंच वाटत होतं. कोणी विचारलं, "काकू, तुम्ही कधी निघताय भारतात?" की त्या म्हणत, "आत्ता कशी जाऊ? सीझन आहे." सीझन संपला की म्हणत, "आत्ता कोण जातं?" काका आणि त्यांचा मुलगा मात्र दोनदा जाऊन आले होते. मला वाटायचं, बाईला धंद्याची फार हौस.

काकूंची आई मिरजेला होती. शेजारच्या डॉक्टरांकडे फोन होता, तिथे महिन्यातून एका रविवारी त्या येऊन बसत. त्या महिन्यात रविवारी लाइन लागलीच नाही, म्हणून त्या सोमवारीही येऊन बसल्या आणि काकूंनी दुकानातून फोन लावला. मी समोरच बसले होते. काकूंना मोठ्याने बोलायची सवय आणि पलीकडच्या आजींना त्याहून, त्यामुळे दोन्ही बाजू मला ऐकू येत होत्या.

"डोळ्यांचं काय झालं?" काकूंनी विचारलं.

"मोतीबिंदू पिकलाय म्हणतात."

"मग ऑपरेशन करून घे ना."

"कशाला? इथलं सगळं बघून झालंय. आणि तू काही येत नाहीस. तुझा आवाज तर फोनवरही ऐकू येतो."

काकूंनी फोन ठेवला आणि कुणाचं तरी तिकीट लिहायला घेतलं. दोनदा चुकलं. रद्द झालेली तिकिटं टोपलीत टाकून त्या शेजारी डोनट आणायला गेल्या आणि डोनट न आणताच परत आल्या.

त्याच आठवड्यात मंडळाच्या लोकांनी हवाईची ट्रिप ठरवली. पंधरा तिकिटं झाली की सोळावं एजंटला फुकट मिळे, पण त्या माणसाने ग्रुपबरोबर जायचं असे. काकू ते तिकीट नेहमी दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकत. या वेळीही त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू जा लीडर म्हणून."

"मी आहेच त्या पंधरात. नवऱ्याने पैसे भरलेत."

तेवढ्यात दार उघडून काका आत आले. काका म्हणजे अतिशय कमी बोलणारा माणूस. फौंड्रीत धातूची तपासणी करायचे. मंडळाच्या सभेत त्यांचं मत विचारलं तर "हरकत नाही" एवढंच म्हणायचे. त्या दिवशी ते परक्या गिऱ्हाइकासारखे काकूंच्या समोरच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "होनोलुलू. एक."

काकू त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग सवयीने तोंडातून आलं, "खिडकी की पॅसेज?"

"शेजारी कोण बसणार, त्यावर आहे."

मी फायली लावायचं निमित्त करून मागे गेले. परत आले तेव्हा काका गेलेले होते आणि काकू ग्रुपच्या यादीत काकांच्या नावाच्या वर, सोळाव्या जागी, स्वतःचं नाव लिहीत होत्या.

खरा प्रकार मला कळला तो विमानात. लॉस एंजेलिसपर्यंत माझी जागा पार मागे होती; तिथून पुढच्या विमानात मधल्या ओळीत काका, काकू आणि मी असे बसलो होतो. खिडकी काकूंनी हट्टाने दुसऱ्यांना दिली होती. विमानाने वेग घेतला आणि काकूंनी एका हाताने काकांचं मनगट पकडलं, दुसऱ्याने माझं. डोळे घट्ट मिटलेले.

"बोल काहीतरी," त्या म्हणाल्या. "थांबू नकोस."

मी नागपूरच्या थंडीपासून सुरुवात केली. मग वडाभाताची कृती सांगितली. मग विषय संपले. काका पलीकडून हळूच म्हणाले, "गावं विचार तिला."

मला कळलं. प्रत्येक विमानतळाचा तीन अक्षरी कोड असतो आणि तो आम्हाला दिवसभर टाइप करावा लागे.

"मुंबई," मी म्हटलं.

"बीओएम."

"डेट्रॉइट."

"डीटीडब्ल्यू."

"टोकियो."

"कुठलं? नवीन असेल तर एनआरटी."

असं आम्ही जगभर फिरलो. काकू सहस्रनाम म्हणावं तसे कोड म्हणत होत्या. मागच्या सीटवरून माझ्या नवऱ्याने डोकं वर काढून विचारलं, "यार, हे काय चाललंय?" काकांनी त्याला हातानेच खाली बसायला सांगितलं.

समुद्रावर विमान स्थिर झाल्यावर काकूंनी डोळे उघडले आणि मला सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी भारतातून येताना त्यांचं विमान हवेत एकदम खाली कोसळलं होतं. क्षणभरच, पण जेवणाचे ट्रे छताला लागले आणि लोक ओरडायला लागले. कुणाला फारसं काही झालं नाही. विमान नीट उतरलं. काकू मात्र त्यानंतर या ट्रिपपर्यंत विमानात चढल्या नव्हत्या. वडील गेल्याची तार आली तेव्हा बॅग भरून विमानतळावर गेल्या होत्या आणि गेटपासून परत आल्या होत्या.

"मग हे काम कसं काय घेतलंत?" मी विचारलं.

"रिसेप्शनिस्ट पाहिजे अशी पाटी होती. आत गेले. कशाचं ऑफिस आहे ते नंतर बघितलं. पुढे मालकाने ते मलाच विकलं." मग म्हणाल्या, "नंतर बरं वाटायला लागलं. मी नाही गेले तरी कुणीतरी जातंय. कुणाची तरी आई दारात उभी राहत असेल. पोहता येत नाही तो घाटावर दुकान टाकून बसतो, तसं."

"आणि आल्प्स?"

"ब्रोशरमध्ये. फोटो छान होता."

होनोलुलूला उतरल्यावर काकूंनी जमिनीवर दोनदा पाय आपटून बघितले आणि लगेच आमच्या बॅगा मोजायला लागल्या. त्या परत आमच्या नेहमीच्या काकू झाल्या.

लुआऊ तिसऱ्या दिवशी होतं. बसने आम्हाला समुद्रकाठी एका माडांच्या राईत नेलं. दारातच फुलाफुलांचे झगे घातलेल्या दोन मुलींनी "अलोहा" म्हणत प्रत्येकाच्या गळ्यात चाफ्याच्या फुलांचा हार घातला. काकूंनी हार सारखा केला आणि म्हणाल्या, "सत्कार झाला. आता शाल आणि नारळ कुठाय?" नारळ खरंच होता. वर भोक पाडून, आत नळी घालून दिलेला.

मग ढोल वाजले आणि शंख फुंकला. डुक्कर वर काढायची वेळ झाली होती. उघडी पाठ असलेले दोन धिप्पाड पुरुष खड्ड्यावरची माती आणि केळीची पानं बाजूला करू लागले. सगळे पाहुणे कॅमेरे घेऊन खड्ड्याभोवती जमले. काकूंनी आमच्याकडे नजर टाकली आणि म्हणाल्या, "चला, समुद्राकडे."

आम्ही सतराही माणसं, मांसाहारी धरून, एका ओळीत समुद्राकडे तोंड करून उभे राहिलो. वर्षानुवर्षं त्यांनी सांगितलेलं, मोडायची कुणाची हिंमत नव्हती. दोन मिनिटांत एक जाडे गृहस्थ माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. मग त्यांची बायको. मग आणखी काही जण. ते सगळे पाण्याकडे बघत होते.

"व्हेल?" गृहस्थांनी विचारलं.

काकू शांतपणे म्हणाल्या, "मे बी."

खड्ड्याभोवतीची निम्मी गर्दी आमच्याकडे आली. दुर्बिणी निघाल्या. त्या दोघांतला एक जण डुकरावरचं शेवटचं पान उचलून विजयी मुद्रेने वर बघतो, तर समोर लोकांच्या पाठी. आमच्यातल्या एका छोट्या मुलीने विचारलं, "काकू, इज देअर अ व्हेल?" काकू म्हणाल्या, "समुद्र मोठा आहे बाळा. असणार कुठेतरी."

जेवायला लांबच लांब बाकं होती. भात, रताळी, अननस आणि पोई म्हणून एक जांभळट, चिकट पदार्थ. काकूंनी बोटाने चाटून बघितला. "अळकुड्या उकडून वाटल्यात," त्या म्हणाल्या. "फोडणी राहिलीय." पर्समधून लोणच्याची बाटली निघाली आणि पोई संपली. नारळाच्या थरथरणाऱ्या वड्या काकांना फार आवडल्या. त्यांनी माझ्याही खाल्ल्या, हरकत नाही म्हणत.

मग मशाली पेटल्या आणि नाच सुरू झाला. रंगमंचावर फुलाफुलांचा शर्ट घातलेला एक सूत्रधार होता. त्याने सांगितलं, आमचे पूर्वज लहान होड्यांतून, ताऱ्यांकडे बघत, हजारो मैलांचा समुद्र ओलांडून इथे आले. नाचणाऱ्या मुली हातांनी लाटा आणि वारा दाखवत होत्या. काकू खुर्चीच्या टोकावर येऊन ऐकत होत्या.

"होडीतून," त्या मला म्हणाल्या. "पलीकडे काही आहे का, हेही माहीत नसताना."

"हो ना."

"मला तर कोडसुद्धा माहीत असतो."

एवढ्यात सूत्रधाराने हातातला कागद बघितला आणि लग्नाचा वाढदिवस साजरा करायला आलेल्या जोडप्यांना वर बोलावलं. पहिलंच नाव काका-काकूंचं होतं. त्यांच्या लग्नाला त्याच आठवड्यात पंचवीस वर्षं होत होती. काकू प्रत्येक गिऱ्हाइकाचा वाढदिवस हॉटेलला न चुकता कळवायच्या. स्वतःचा कळवणार नाहीत म्हणून मी कळवला होता.

"हे तुझं काम," काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या. पण काका उठले होते. आमच्या सगळ्यांच्या आधी, टाळ्या सुरू व्हायच्याही आधी, काका उठून उभे होते आणि त्यांनी हात पुढे केला होता.

वर गेल्यावर सूत्रधाराने त्यांना माइक दिला. त्याने विचारलं, कुठून आलात? काकू म्हणाल्या, मिशिगन. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"लाँग वे," तो म्हणाला. "हाऊ लाँग डिड इट टेक यू टू गेट हिअर?"

काकूंनी जरा विचार केला. मग माइक तोंडाजवळ धरून त्या स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "इलेव्हन इयर्स."

सगळे लोक खदखदून हसले. आमचं मंडळही हसलं. सूत्रधार म्हणाला, तुमची एअरलाइन बदला. तेव्हा तर आणखीच हशा झाला. काका हसले नाहीत. ते खाली स्वतःच्या बुटांकडे बघत होते आणि त्यांनी काकूंचा हात धरला होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नवऱ्याने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, मशालीचा धूर.

मग नाच. एका मुलीने हात कसे हलवायचे ते दाखवलं. ही लाट, हा मासा, हे हृदय. काकूंची लाट कशीबशी जमली. मासा मात्र टाइप केल्यासारखा झाला. आणि काका? काय सांगू तुम्हाला. ज्या माणसाला आम्ही गरब्यातही कधी टाळी वाजवताना बघितलं नव्हतं, तो माणूस कंबर अशी सहज, लयीत हलवत होता की बाकीची जोडपी थांबून बघायला लागली. सूत्रधाराने त्यांना पुढे आणलं. ढोलवाल्याने लय वाढवली, काकांनीही वाढवली. मंडळाचे अध्यक्ष तोंडाचा आ करून बसले होते. काकू तर नाचायचं सोडून बाजूला उभ्या राहिल्या आणि पोट धरून हसल्या.

खाली आल्यावर काका घाम पुसत एवढंच म्हणाले, "नारळाची वडी आहे का अजून?"

काकूंनी माझ्या शेजारी बसून श्वास सारखा केला. हसून हसून डोळे ओले झाले होते. म्हणाल्या, "गेल्यावर दोन तिकिटं कर. डेट्रॉइट ते मुंबई, डिसेंबरची."

"कुणाची?" मी विचारलं. मला माहीत होतं, पण त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

त्यांनी आपलं नाव सांगितलं आणि एकेक अक्षर सुटं करून स्पेलिंगही सांगितलं, गिऱ्हाइकांकडून त्या करून घेत तसं. मग काकांचं. दुसऱ्या दिवशी हॉटेलमधून त्यांनी मिरजेला फोन लावला. आजी पलीकडून म्हणाल्या, "नक्की येणार असशील तर डोळा करून घेते."

पुढचं थोडक्यात सांगते. आजींनी डोळा करून घेतला. डिसेंबरात लेक दारात उभी राहिली तेव्हा आजींनी चष्मा सावरत तिला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "फोनवर बारीक वाटायचीस." काकूंनी हे आम्हाला परत आल्यावर इतक्या वेळा सांगितलं की गिऱ्हाइकांनाही पाठ झालं. त्यानंतर आजी होत्या तोवर काकू दर वर्षी गेल्या. भीती गेली नाही, पण त्या गेल्या. पुढे लोक तिकिटं स्वतःच काढायला लागले. एजन्सी बंद झाली आणि काका-काकू मिरजेलाच जाऊन राहिले. काका आधी गेले, काकू चार वर्षांपूर्वी. त्या गाळ्यात आता नखं रंगवायचं दुकान आहे. तिथून जाताना मी गाडीचा वेग कमी करते. आत कोण बसलंय ते बघायची अजून सवय आहे.

पण काकू म्हटलं की मला ती पहिल्या डिसेंबरातली, विमानतळावरची संध्याकाळ आठवते. तेव्हा सोडायला आलेल्यांनाही गेटपर्यंत जाऊ देत. बाहेर बर्फ भुरभुरत होतं. विमानाच्या पंखांवर एक माणूस पाइपने बर्फ वितळवायचं कसलंसं पाणी मारत होता. मी आणि काका सारखे काकूंकडे बघत होतो आणि बघत नाही असं दाखवत होतो. काकू सरळ बसल्या होत्या. पर्सचा पट्टा दोन्ही हातांनी धरलेला.

त्यांच्या शेजारी एक गुजराती आजी बसल्या होत्या. साडीवर दोन स्वेटर, पायात मुलाचे खेळायचे बूट. बडोद्याला एकट्याच चालल्या होत्या आणि माळ ओढत होत्या. माळेचे मणी हातातून सारखे निसटत होते. काकूंनी ते बघितलं. मग त्यांच्याकडे वळून आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "माताजी, पहिली बार अकेली जा रही हो?"

आजींनी मान हलवली.

"ऊपर जाते समय पेट में गोला आएगा. आने दो. वो भी आपके साथ उतर जाएगा."

बोर्डिंगची घोषणा झाली. काकांनी माझ्याकडे बघितलं. काकू उठल्या, आजींची पिशवी आपल्या खांद्याला अडकवली, त्यांच्या कोपराला धरलं आणि रांगेत उभ्या राहिल्या. जेवण कधी येतं, पाय कसे वर ठेवायचे, कान दुखले तर काय करायचं, सगळं सांगत होत्या. आजी मान वर करून ऐकत होत्या. काका दोघींच्या मागे, हातात तीन बोर्डिंग पास घेऊन.

मी काचेजवळ हात वर करून उभी होते. दारातून आत शिरताना काकू एकदा तरी मागे बघतील असं मला वाटत होतं. त्या बोलतच आत गेल्या. मला हात करायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही.